चालेल म्हणणाऱ्या मुंग्या

फळ्यावरच्या त्याच्या सिद्धतेची डावी बाजू कुणीतरी पुसून टाकली होती आणि तिथे मुंग्या काढल्या होत्या. फळ्यासमोरची अनोळखी मुलगी हातावरचा खडू झटकत म्हणाली, "उजवी बाजू ठेवलीय हो. डावीकडे नुसतंच 'समजा, समजा' होतं."

तो लाजाळू होता. रागावतानासुद्धा आधी शब्द जुळवून घेई. ते जुळेपर्यंत ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

विभागात त्याला सगळे सिद्धांतराव म्हणत. मुंग्यांच्या रांगा, पाखरांचे थवे अशा निसर्गातल्या गोष्टींची नक्कल करून संगणक उत्तरे शोधतो. त्याला किती वेळ लागेल, हे तो कागदावर सिद्ध करी. ती त्याच मुंग्या संगणकात प्रत्यक्ष पळवी, म्हणून ती मुंगीवाली. तिथली मुंगी चांगल्या वाटेवर वास सोडते, मागून येणाऱ्या तो वास धरून जातात, आणि वाट सुधारत जाते. सरांनी दोघांना मिळून एकच शोधनिबंध लिहायला सांगितला, आणि त्याच्या जिवाला घोर लागला.

कारण त्याचे प्रमेय सांगत होते की पठारावर, म्हणजे जिथे सगळ्या वाटा सारख्याच चांगल्या असतात तिथे, या मुंग्या कायमच्या अडकणार. आणि तिच्या मुंग्या तिचे संत्रे सोलून व्हायच्या आत पठार ओलांडत.

"पुन्हा चालवा," तो वैतागून म्हणे.

"चालवलं. पुन्हा गेल्या."

"जाऊच शकत नाहीत."

"मग तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं प्रमेय त्यांनी वाचलेलं नाहीये ना..."

संत्र्याची एक फोड ती न विचारता त्याच्या कागदावर ठेवी. डाग पडे. तो चडफडत डागाभोवती लिहीत राही — आणि ती पाने मात्र कधीच नव्याने उतरवून काढत नसे. याचा तर त्याला अधिकच राग येई.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. शनिवारी ती निघणार होती. तिच्याशी मनातले बोलायचे त्याने केव्हाच ठरवले होते. पण कुठलीच संध्याकाळ आदल्या संध्याकाळपेक्षा सरस निघत नव्हती, आणि सरस क्षण हाती आल्यावाचून तोंड उघडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"मुहूर्त बघतोयस का?" त्याची ताई फोनवर करवादली. "बस मग प्रमेयाशी संसार करत."

शुक्रवारी दुपारी त्याने हट्टाने तिचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायला घेतला. एका ओळीवर त्याचे बोट थांबले.

"हे काय आहे?"

ती वाकली. तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता. "नवी वाट जुनीइतकीच चांगली निघाली, तरी वास नव्या वाटेवर न्यायचा."

"पण सरस निघाली तरच न्यायचा, असं मी पहिल्याच पानावर लिहिलंय."

"ते तुम्ही लिहिलंय. माझ्या मुंग्या म्हणतात, चालेल."

"चालेल?"

"चालेल म्हणतात, म्हणून चालतात. तुमच्या बसतात एका जागी, सरस काही येईल म्हणून वाट बघत."

इतके दिवस डोके आपटले ते या एका शब्दावर... त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे माझं प्रमेय बरोबर आहे."

"बरोबरच आहे. फक्त ते माझ्या मुंग्यांबद्दल नाहीये." तिने संगणक मिटून पिशवीत कोंबला. "कुणाबद्दल आहे, ते ठाऊक आहे मला. रोज वाटतं, आज हा माणूस बोलेल. आणि रोज तुम्ही पठारावर बोलता. कंटाळले मी, सिद्धांतराव."

पिशवीची चेन अडकली. ती ओढत राहिली.

त्याने आजूबाजूला पाहिले. दिवा उगाचच लुकलुकत होता, बाहेर कुणी बाक सरकवत होते, टेबलावर सालींचा ढीग होता. हा क्षण कालच्यापेक्षा तसूभरही सरस नव्हता.

पण उणाही नव्हता.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "तुमच्या त्या शहरात... गणित शिकवायची एक जागा आहे. मी अर्ज केला... म्हणजे, मी आलो तिथे — तुमच्यापाशी, कायमचा — तर..."

वाक्य तिथेच अडकले. मुंगीवालीने चेन सोडून दिली. वैताग तिच्या चेहऱ्यावरून सावकाश उतरत होता.

"आता 'तर काय' ते सिद्ध करत बसू नकोस," ती म्हणाली, पहिल्यांदाच एकेरीत.

उरलेली फोड तिने या वेळी कागदावर नाही, त्याच्या तळहातावर ठेवली.

"चालेल."