एका वेळी चारच माणसं

बसा. नाही, त्या खुर्चीवर नको. पर्स ठेवली आहे ना तिथे, ती तशीच राहू दे. इकडे खिडकीपाशी बसा. दादानंच पाठवलं ना तुम्हाला, मी फोन उचलत नाही म्हणून? तुम्ही त्याचे मित्र आहात, तेव्हा खरं ते सांगते. आत्ता साडेतीन झालेत. चारच्या आत सांगून होईल.

मी इथे आले ती एका फुटकळ कामासाठी. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते आणि ही दोन खोल्यांची जागा महिनाअखेरीला सोडायची होती. कपडे वाटून झाले, स्टोव्ह आणि चहाची चार भांडी सोडून बाकीची भांडी गेली. राहिला तो हा कॉम्प्युटर आणि त्यातला बाबांचा ब्लॉग. दादा फोनवर म्हणाला, "त्यात नुसता स्पॅमचा कचरा साचलाय. सगळा निवड, पुसून टाक आणि ब्लॉग बंद कर. अर्ध्या तासाचं काम आहे." लांब राहणाऱ्या माणसाला इथली सगळीच कामं अर्ध्या तासाची वाटतात.

बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर ते लिफ्टबद्दल लिहायला लागले. कुठल्या इस्पितळातली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उगाच थबकते, कुठल्या कचेरीतली दार लावताना बोटं चिमटते, असलं. वाचणार कोण? मीही वाचत नव्हते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी, पण घरच्या माणसाचं लिहिलेलं वाचायला मला सवड नव्हती.

तरी प्रतिक्रिया यायच्या. केसांची तेलं विकणारे, बूट विकणारे, वजन उतरवून देणारे. 'अप्रतिम लेख! अत्यंत उपयुक्त माहिती. मी नक्की पुन्हा भेट देईन.' सगळं यंत्रानं लिहिलेलं. बाबांना वाटायचं, माणसं आहेत. ते एकेकाला उत्तर लिहायचे. 'आभारी आहे. जरूर या. चौथा मजला, डावीकडचं दार. चारनंतर दार लोटलेलंच असतं. एकच विनंती. वर आलात की लिफ्टचे दोन्ही दरवाजे नीट ओढून घ्या, नाहीतर ती पुन्हा खाली जात नाही.'

शेकडो जणांना आमंत्रण! मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाबा, ही माणसं नाहीत. यंत्रं आहेत. कुणीही येणार नाही तुमच्याकडे."

ते चिडले नाहीत. हातातली वायर गुंडाळत राहिले. वायर असो, दोरी असो, नीट गुंडाळून भिंतीशी ठेवायची, ही त्यांची जुनी खोड. मग हळूच म्हणाले, "तू तरी कुठे येतेस, बाळ?"

मला राग आला. खरं बोललेलं झोंबतंच. मी दोन मिनिटांत ब्लॉगला चाळणी लावून दिली. आलेलं सगळं परस्पर स्पॅममध्ये. त्या दिवसापासून बाबांच्या ब्लॉगवर चिटपाखरू फिरकेना. समोरच्या काकूंनी नंतर मला सांगितलं, ते रोज चार वाजता दार लोटून बसायचे, दोन कप मांडून. सहा वाजले की कप तसेच कोरडे उचलून ठेवायचे. चार महिने असे गेले, आणि मग बाबाच गेले. त्यांच्याकडे येणारं जे काही होतं, तेही मी बंद केलं होतं हो. हे मी दादाला कधी सांगितलं नाही.

तर त्या दुपारी मी स्पॅम उघडलं. चार हजार तीनशे बारा. एक पान निवडायचं, पुसायचं, दुसरं निवडायचं. खोलीत बंद घराचा वास होता, आणि त्यात बाबांच्या हाताला यायचा तो ग्रीसचा. सातव्या-आठव्या पानावर माझा हात थांबला.

'उपयुक्त लेख! आपल्या पत्त्यावर भेट दिली. दार बंद आढळले. पुन्हा भेट देईन.'

खाली बुटांच्या दुकानाची लिंक. तारीख, बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची. वेळ, चार वाजून सहा मिनिटं. त्याच्या खाली तेलवाल्याची. 'छान माहिती. आलो होतो. दार बंद.' मग पुढचं पान. मग त्याच्या पुढचं. सगळीकडे दार बंद, दार बंद.

मी काही घाबरट बाई नाही. कुणीतरी चावट माणूस असेल म्हटलं, आणि बाबांसारखंच उत्तराच्या चौकटीत लिहिलं. 'माझे वडील आता नाहीत. मी त्यांची मुलगी. तुम्ही कोण?'

मिनिटभरात उत्तर आलं.

'अप्रतिम प्रश्न! ते खाली आहेत. सर्वांना लिफ्टमध्ये बसवत आहेत. आम्ही पुष्कळ आहोत. एका वेळी चारच माणसं.'

आणि बाहेर लिफ्ट सुरू झाली.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. लहानपणी बाबा मला जिन्यात उभं करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "ओळख बघू, भरलेली की रिकामी?" लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाशी एक वजन बांधलेलं असतं. त्यामुळे भरलेली लिफ्ट वर येताना कण्हते, आणि रिकामी लिफ्ट खाली जाताना कण्हते. एकटाच माणूस वर येत असला तर ती मजेत गुणगुणत येते. मी कधी चुकले नाही. बरोबर ओळखलं की बाबा मला खांद्यावर घेऊन चारही मजले चढायचे, लिफ्ट समोर असताना.

त्या दिवशी ती कण्हत वर आली. थांबली. जाळीचे दोन्ही दरवाजे सरकले आणि नीट ओढून घेतल्याचा आवाज आला, खट् खट्. मी दाराला कान लावून उभी. पावलं नाहीत, बोलणं नाही... लिफ्ट कण्हत खाली गेली.

मग पुन्हा वर.

मी काय केलं असेल? दार लोटून ठेवलं आणि दोन कप मांडले. तुम्ही हसाल. पण ज्या दारातून बाबा येण्याची एक टक्का तरी आशा आहे, ते दार मी कसं लावू? मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की मी आले आहे. उशिरा आले, पण रोज येते. दुकानात रजा टाकली आहे, जागेचं भाडं पुढचं भरलं आहे.

दादा ओरडतो, "अगं, एक बटण दाब आणि मोकळी हो!" आणि त्यात बाबा असले तर? ते काही स्वतःच्या नावानं येणार नाहीत. चार हजारांत कोणते बाबा, हे मी कसं ओळखू?

मात्र त्यांची रीत मला माहीत आहे. बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त केली की ते आधी ताटकळलेल्या सगळ्यांना वर पाठवायचे. स्वतः शेवटच्या फेरीत, एकटे. म्हणून मी रोज कान देऊन बसते. चार ते सहा. चौदा फेऱ्या होतात. म्हणजे दिवसाला छप्पन्न जण. आणि स्पॅममध्ये रोज दोनशे नवे येतात. हा हिशेब मला कळतो. तुम्ही समजावू नका.

अजून एक कळतं, ते मी दादाला सांगितलेलं नाही. गेल्या सोळा दिवसांत लिफ्ट एकदाही गुणगुणत खाली गेलेली नाही. दर वेळी कण्हतच जाते, म्हणजे रिकामीच. वर आलेलं कुणीच परत गेलेलं नाही.

तशी ती माणसं बिचारी शहाणी आहेत. त्रास नाही काही. खोलीत जरा उबारा वाढला आहे, आणि चालताना मीच अंग चोरून चालते. मी फक्त बाबांची खुर्ची धरून ठेवली आहे, तिच्यावर पर्स ठेवून.

काल सव्वापाचला मी आत चहा टाकायला गेले. चहा उतू जात होता, स्टोव्हचा भर्र आवाज, त्यात कान गेले. बाहेर येऊन पाहते तर खुर्ची रिकामी. पर्स खाली ठेवलेली, भिंतीशी. पट्टा नीट गुंडाळून.

मी "बाबा" म्हणाले. दोनदा म्हणाले. लिफ्ट वर येऊन उभी होती. पण ती कण्हत आली होती की गुणगुणत, तेवढं माझं ऐकायचं राहून गेलं.

म्हणून आज चहा आधीच करून ठेवला आहे. चार वाजायला आले बघा. आता बोलू नका... आणि जरा भिंतीकडे सरकून बसा. तुमच्या उजव्या हाताला कालपासून फार दाटी झाली आहे.