महादेवीअक्काचे कान

दिवेलागणीला पायवाट वसाहतीच्या कट्ट्यावर पाऊल ओळखायचा खेळ रंगायचा. डोळे मिटायचे आणि वळणापलीकडून कोण येतंय ते माणूस दिसायच्या आधी सांगायचं. नियम एवढाच.

"बिराजदार मास्तर! आणि आज चप्पल नवी आहे," नरसम्मा इराबत्ती म्हणाली.

वळणावरून मास्तर आले. पायात नवीकोरी चप्पल.

"आता अक्काची पाळी!"

महादेवी कलशेट्टीने डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं आणि दिलं ठोकून, "पोस्टमन!"

आला तो तिचा स्वतःचा नवरा. अख्खा कट्टा खो खो हसला आणि रेवणप्पा बिचारा भाजीची पिशवी घेऊन ओशाळून उभा राहिला. उभा जन्म संसार केला त्या माणसाचं पाऊल कळू नये म्हणजे काय! महादेवी वरवर हसली, पण घरी जाऊन तिने भांडी जरा जोरातच आपटली.

सोलापुरात एका बंद गिरणीच्या जागेवर ही वसाहत उभी राहिली, त्याला आता एक पिढी लोटली होती. गाड्या वेशीबाहेर. आत यायचं तर पायी, सामान असेल तर हातगाडीवर. इमारती मुद्दाम अशा बांधल्या होत्या की दूध, दवाखाना, शाळा, देऊळ, सगळं चालत गाठावं आणि वाटेत चार माणसं भेटावीत. लोकांची साखर उतरली, गुडघे मोकळे झाले, पोरांचा दमा पळाला. हे तर कुणीही सांगितलं असतं. इथे कानही तीक्ष्ण होतात, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते पहिल्यांदा ओळखलं डॉक्टर तरन्नुम शेख यांनी. त्या वसाहतीतच राहायच्या आणि कानांचं संशोधन करायच्या. महादेवी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जायची.

"अगं बाई, वर्ष होत आलं मला इथे येऊन! माझे कान काय गहाण पडलेत का?"

"अक्का, कानाकडून मेंदूकडे नसा जातात हे सगळ्यांना माहीत असतं," तरन्नुम समजावत. "पण मेंदूकडून उलट कानाकडेही येतात. बाहेर सतत गोंगाट असला की मेंदू त्या नसांवरून कानाला सांगतो, बाबा रे, कमी ऐक. रेडिओचा आवाज बारीक करावा तसं. तुम्ही जन्मभर हमरस्त्यावर राहिलात. तुमचं बटण पार खाली गेलंय. इथल्या शांततेत ते आपल्या सवडीनं वर येईल."

याला शास्त्रीय नाव होतं 'श्रवणविस्तार'. वसाहतीतल्या लोकांनी त्याची सरळ 'कानउघाडणी' करून टाकली होती. रेवणप्पाची कानउघाडणी दसऱ्यालाच झाली होती. राहिली होती एकटी महादेवी. तिने नवऱ्याला निक्षून सांगून ठेवलं होतं, "संक्रांतीपर्यंत कान उघडले तर ठीक. नाहीतर आपण आपल्या जुन्या घरी. मला इथे बहिऱ्यासारखं बसायचं नाही."

तिला खरं दुःख कानांचं नव्हतंच. इथली माणसं एकमेकांची होती आणि ती पाहुणी होती, हे तिला सलत होतं.

आणि मग मार्गशीर्षात काय झालं कुणास ठाऊक, वसाहतीने तिला डोक्यावर घेतलं. नरसम्मा गरम धपाटे घेऊन आली. बिराजदार मास्तरांच्या घरून गव्हाची गोड हुग्गी आली, वर तुपाची धार. खालच्या मजल्यावरची पोरगी रोज सकाळी "चला अक्का, देवळापर्यंत" म्हणून हाताला धरून न्यायला लागली. रेवणप्पासुद्धा, जो कधी पाण्याचा पेला उचलून ठेवायचा नाही, तो चहा करून देऊ लागला.

"अहो, घर लागलं बघा आपल्याला शेवटी," महादेवी हुग्गीचा घास घेत म्हणाली. "माणसं ओळखायला वेळ लागतो, पण ओळखली की जीव लावतात."

रेवणप्पा म्हणाला, "होय तर," आणि तिच्या वाटीत आणखी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती आणि कान उघडले. कुणीतरी खिडकी उघडावी तसं. आधी पाणी मातीत मुरताना ऐकू आलं. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी शेंगा सोलत होतं ते. मग गल्लीतली पावलं! एक घाईचं, एक आळशी, एक लहान मुलाचं, उड्या मारणारं. आणि त्यांच्यात एक, ज्याला नाव विचारायची गरजच नव्हती. टाच आधी, मग पुढचा पाय, दोन्हीकडे सारखा भार, खणखणीत. रेवणप्पा दूध घेऊन येत होता. महादेवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तांब्या तिथेच टाकून ती सुटली ती थेट तरन्नुमच्या दारात.

"उघडले! उघडले गं बाई! ह्यांचं पाऊल ओळखलं मी!"

तरन्नुमनी तिला मिठीच मारली. दोघी एकमेकींना धरून हसल्या.

"आता सांग, एवढ्या घरांतून ताटं आली, मी उलट काय पाठवू? मी म्हणते, सगळ्यांना शेंगापोळी करावी. किती गं लळा लावला मला!"

तरन्नुम हसायच्या थांबल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा अक्का. आज संध्याकाळी मी तुमच्याकडे येणारच होते. रोग तोंडानं बोलायच्या आधी पायानं बोलतो. कंबर, पाठ, मेंदू, कुठेही काही बिघडलं की चालीचा ताल हलतो, पुष्कळ आधी. इथल्या लोकांना तो ऐकू येतो. पण ऐकलेलं तोंडावर सांगायचं नाही, असा रिवाज आहे. आधी ताट जातं, मग मी जाते."

महादेवी बसता बसता उठली. "ह्यांना काय झालं? पण त्यांचं पाऊल तर मी आत्ताच... ते तर ठणठणीत आहे! पोरासारखं!"

"हो. ते ठणठणीत आहेत."

"मग?"

"स्वतःचं पाऊल कुणालाच ऐकू येत नाही, अक्का. मेंदू ते गाळून टाकतो, नाहीतर माणूस आपल्याच आवाजानं वेडा होईल."

महादेवी स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"उजवा पाय केसभर उशिरा पडतोय. असाच सोडला असता तर पुढे कधीतरी हात थरथरायला लागले असते. आता लागणार नाहीत. इतक्या लवकर सापडलं की औषधानं दारातूनच परत जातं. तुमच्या जुन्या घरी हे कुणाला कळलंच नसतं."

"सगळ्या गल्लीला माझ्याआधी कळलं," महादेवी म्हणाली. "मेल्यांनो, आणि मी आपली हुग्गी खात बसले!" तिला रडू येत होतं आणि हसूही. "ह्यांनासुद्धा?"

"माझ्याकडे पहिले आले ते तेच. दारात उभं राहून लहान मुलासारखे रडले."

बाहेर आली तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं आणि तिला फार बरं वाटत होतं. रोग परतणार होता, नवरा रडला होता, कान उघडले होते. बाईला आणखी काय हवं? मग तिला जाणवलं की ती चालू लागताच सज्जांमधलं बोलणं जरा थांबतं. ती पुढे गेली की पुन्हा सुरू होतं. नकळत तिने उजवा पाय ठासून, बरोबर टाकला. फोटो काढताना माणूस ताठ बसतो तशी ती चालू लागली, आणि चार पावलांत दमली. यापुढे इथे आपल्यापुरतं असं चालताच येणार नव्हतं.

"अक्का, परेड कशाला करताय? नेहमीसारखं चाला की!" वरून नरसम्मा ओरडली आणि सज्जासज्जांतून हशा उसळला. महादेवीलाही हसू आवरेना. काय ही माणसं!

नरसम्मा हसत हसत उठून कठड्याशी आली. खाली महादेवीला ऐकू आलं, दोन पावलं नीट पडली, तिसरं घासलं. पुन्हा दोन, पुन्हा घासलं. गल्लीतल्या हुशार कानाच्या बाईला त्याचा पत्ता नव्हता. बाकीच्यांनी अजून ऐकलं नव्हतं, की ऐकून गप्प होते, कोण जाणे.

"काय हो अक्का," कठड्यावरून वाकून नरसम्माने आनंदाने विचारलं, "डॉक्टरकडून एवढ्या हसत आलात! उघडले वाटतं कान?"

वर्षभर ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती तो हाच. महादेवीने मान वर केली आणि जमेल तितकं गोड हसली.

"नाही हो नरसम्मा," ती म्हणाली. "अजून कुठलं!"