नमुना घरातला पलंग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक घर उभं करा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. भिंतींना नवा रंग, खिडक्यांना पडदे, भिंतीवर घड्याळ. या घरात कुणी राहत नाही. हे नमुना घर. हे पसंत पडलं की अशीच हजारो घरं बांधायची. आता दाराला कुलूप लावा. सकाळी उघडा. घड्याळ जागेवर, पंखा जागेवर, पडदे जागेवर. पलंग तेवढा गायब.

वैताग आला ना? देशाच्या गृहनिर्माणमंत्र्यांनाही आला होता.

“अर्थखातं म्हणतं, खर्च कमी करा. जमीनखातं म्हणतं, जागा नाही. लोक म्हणतात, आजच द्या,” नमुना घरात येरझाऱ्या घालत ते म्हणाले. “सगळ्या देशाला घरं द्यायची जबाबदारी माझी, आणि माझ्या हातात काय, तर एक सही. ती आज संध्याकाळी करायची, तर हे. उद्या सभागृहात विचारतील, एक पलंग सांभाळता येत नाही, तुम्ही घरं काय बांधणार?”

ज्यांना ते हे सांगत होते, त्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. चोऱ्या शोधणं हा त्यांचा धंदा. सोबत त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. अंगानं भरलेले, मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश.

“काल काय झालं, तेवढंच सांगा,” वहिनी म्हणाल्या.

“काल दुपारी मी तिघांना सांगितलं, की सहीच्या आधी एका कुटुंबानं इथे दुपारची झोप काढायची. जेवायचं, झोपायचं आणि मला सांगायचं. ते कुटुंब बाहेर जिन्यावर बसलंय. आणि किल्ल्याही त्या तिघांकडेच. आर्किटेक्ट बाई, कॉन्ट्रॅक्टर आणि माझे सचिव.”

भाऊजींनी कोट काढून कपाटात टांगला. कपाटाचं दार काही लागेना. कोटाची बाही मध्ये येत होती. मग ते जेवणाच्या टेबलाशी बसले, तर गुडघे टेबलाला टेकले.

“वहिनी, मी आणखी सुटलो की काय?”

“सुटलात. पण एवढे नाही.”

वहिनी पलंग होता त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. खोलीला चौकट होती, दार नव्हतं. बाहेरच्या फरशीवर धुळीचा पातळ थर होता. या खोलीची फरशी तेवढी लख्ख पुसलेली.

“चोर टापटिपीचा दिसतोय,” भाऊजी म्हणाले.

आधी कॉन्ट्रॅक्टर आला. “पलंग मीच सुताराकडून करून घेतला, बाई. नकाशावरून. मी कशाला चोरू? काल संध्याकाळी आलो, नळ तपासले, मोटरसायकलवर बसून गेलो. पलंग काय डोक्यावर नेला?”

मग सचिव. “माझी गाडी फाटकापाशी होती. मागच्या सीटवर मी आणि माझ्या फायली. हे बघा, सही आजच व्हायला हवी. पलंगाचं काय एवढं? दुसरा आणू.”

“आणा की,” वहिनी म्हणाल्या. “आत्ता.”

सचिवांनी घड्याळात पाहिलं आणि विषय बदलला.

शेवटी आर्किटेक्ट बाई आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “काल पडदे घेऊन माझी व्हॅन आली होती. पडदे लावले आणि गेले.”

“आतल्या खोल्यांना दारं नाहीत ती?”

“दारं शेवटी बसवतात. रंग ओला असतो ना.”

भाऊजींनी भिंतीवर बोट फिरवलं. कोरडं आलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तीच तीन वाहनं सांगितली. चौथं कुठलंच नाही. भाऊजी खाली जाऊन व्हॅनमध्ये डोकावले आणि धापा टाकत वर आले.

“बाई सुटल्या, वहिनी. व्हॅन एवढीशी. मी आत आडवा झालो तर पाय बाहेर. पलंग मावणं शक्यच नाही. आता कुणालाच नेता आला नसेल, तर गेला कुठे?”

वहिनी हसल्या. “भाऊजी, तुम्हीच सोडवलंत. सगळ्यांना आत बोलवा. त्या कुटुंबालाही.”

जिन्यावरची तिघं आली. गवंडीकाम करणारा उंच बाप, गाठोडं कवटाळलेली आई आणि त्यांची मुलगी. जुनी चाळ पडल्यापासून ती तिघं पत्र्याच्या एका खोलीत राहत होती.

“माणूस मावत नाही तिथे पलंग मावत नाही, हे खरं,” वहिनींनी सुरुवात केली. “पण पलंगच माणसापेक्षा आखूड असला तर? भाऊजींचे गुडघे टेबलाला लागले, कारण टेबल बुटकं आहे. कोट कपाटात मावला नाही, कारण कपाट उथळ आहे. इथलं सगळं सामान थोडं थोडं लहान केलंय. त्यामुळे खोली मोठी दिसते. मंत्री येतात, उभ्यानं बघतात, जातात. फसवणूक कळायला कुणीतरी आडवं व्हावं लागतं. काल तसं ठरलं, आणि पलंग गेला.”

“मग खरा पलंग का नाही ठेवला?” मंत्र्यांनी विचारलं.

“तेच कळावं म्हणून मी तो मागितला, तर सचिवांनी विषय बदलला. खरा पलंग ठेवला तर खोलीचं दार उघडत नाही. म्हणून दारंच बसवली नाहीत. पलंगाच्या पायांच्या खुणांवरून माप कळलं असतं, म्हणून फरशी पुसली. आणि आखूड पलंग मावेल असं बंद वाहन एकच होतं.”

आर्किटेक्ट बाई भिंतीला टेकल्या. “पलंग माझ्या ऑफिसात आहे. मी पहिल्यांदा खऱ्या मापाचाच काढला होता. दार अडतं, असं सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, नकाशात दार दाखवू नका. कॉन्ट्रॅक्टरलाही ठाऊक होतं. साहेब, तुम्ही प्रत्येक बैठकीत घरं किती तेवढंच विचारलंत. केवढी, ते कधी विचारलं नाहीत.”

मंत्र्यांनी सहीची फाईल हातात घेतली.

“आता सही थांबली तर वर्ष गेलं,” सचिव म्हणाले. “दार बाहेर उघडू.”

“मग स्वयंपाकघर अडतं,” बाई म्हणाल्या.

“साहेब, करून टाका सही,” मुलीची आई कळवळून म्हणाली. “चोर सापडला, छान झालं. पण मापं चुकवायची यांनी आणि थांबायचं आम्ही, असं किती दिवस? आम्ही पाय पोटाशी घेऊन झोपू.”

वहिनींनीही मान खाली घातली. चोर सापडला होता, पण त्याचा आनंद कुणालाच नव्हता. आतल्या खोलीच्या खिडकीत फाईल टेकवून मंत्र्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा त्या मुलीनं काय केलं, सांगू?

तिनं बापाचा हात धरून त्याला पलंगाच्या जागी जमिनीवर निजवलं, डोकं पलीकडच्या भिंतीला लावून. त्याच्या शेजारी आईला. मग एक हात चौकटीला चिकटवून, दुसरा ताठ पसरून ती सावकाश आत वळली. पसरलेला हात बापाच्या नडगीवर येताच ती थांबली. उरलेल्या फटीतून मांजरही गेलं नसतं.

“मी दार आहे,” ती म्हणाली. “काका, तुम्ही आत अडकलात.”

मंत्र्यांनी फटीकडे पाहिलं, निजलेल्या दोघांकडे पाहिलं. पेनाला टोपण लावून ते तिच्या आईजवळ जमिनीवर बसले. “थांबावं लागेल, बाई. पण तोवर पत्र्याखाली नाही. आज रात्रीपासून तुमची सोय करणं माझ्याकडे.” मग आर्किटेक्ट बाईंना म्हणाले, “टेप काढा. इथूनच सुरुवात करू.”

बाई माप घेऊ लागल्या. हात भरून आला तरी, ते घेऊन होईपर्यंत मुलगी दार होऊन उभी राहिली.