चौसष्ट टक्क्यांवर अडकलेला व्हिडिओ

भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. माझ्याकडे जे झालं ते शनिवारी झालं. भर दुपारी, तीन ते सहाच्या मध्ये, माझ्याच घराच्या मागच्या खोलीत. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती आणि समोरच्या घरात कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं.

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायचंच असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

मी व्हिडिओ एडिटर आहे. लग्नं, शाळेचे कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती. बारा वर्षं हेच करते.

आणि मी बबडीची मावशी आहे. सावत्र आईही मीच.

बबडी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. वर्षभराने घरच्यांनी ठरवलं आणि ज्यांना मी भावोजी म्हणायचे त्यांच्याशी माझं लग्न झालं. लहानपणी तिचे उतरलेले फ्रॉक घातले, तिची जुनी पुस्तकं वापरली, शेवटी नवराही तिचाच. हसा, हसा. मीही हसते कधीकधी.

दहा वर्षं त्या पोरीचं सगळं मी केलं. तापात उशाशी बसले, परीक्षेच्या वेळी तिच्याबरोबर जागले. पण हाक काय? तर माऊ. 'आई' हा शब्द भिंतीवरच्या फोटोसाठी राखून ठेवलेला.

मला तो शब्द हवा होता. सांगायला लाज वाटते, पण हवा होता.

बबडी शिकायला लांब जाणार होती. रविवारी पहाटे निघायचं होतं. आदल्या दिवशी तिला दाखवायला मी एक व्हिडिओ बनवला. तिच्या जन्मापासून आजपर्यंत, बारा मिनिटांचा.

त्यात ताई कुठेच नव्हती.

मुद्दाम केलं मी ते. ताई दिसेल तो प्रत्येक शॉट उडवला. पण सुरुवातीच्या वर्षांचं सगळं शूटिंग तिनेच केलेलं, त्यामुळे कॅमेऱ्यामागून तिचा आवाज यायचा. "इकडे बघ गं माझी बाय..." मी तो आवाजही काढला आणि वर संगीत टाकलं. फक्त बबडीची नजर काढता येईना. प्रत्येक शॉटमध्ये ती कॅमेऱ्याकडे बघून हसायची. म्हणजे ताईकडेच.

"ताईचं घेतलंस ना त्यात?" यांनी जेवताना विचारलं होतं.

"घेतलंय हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

तीन वाजता थेट पेन ड्राइव्हवर एक्सपोर्टला लावलं. म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाईल तयार करायची. दहा मिनिटांचं काम.

चौसष्ट टक्क्यांवर अडकलं.

असं होतं कधीकधी. मी साठलेल्या तात्पुरत्या फाईली साफ केल्या, डिस्कवर जागा केली, पुन्हा लावलं.

चौसष्ट.

फॉरमॅट बदलला.

चौसष्ट.

"रीस्टार्ट कर," बाहेरून हे ओरडले. आमच्या ह्यांना फ्रिज बिघडला तरी रीस्टार्टच सुचतं. केलं तेही.

चौसष्ट...

अशा वेळी आम्ही एक करतो. अख्खा व्हिडिओ न काढता छोटे छोटे तुकडे एक्सपोर्ट करायचे. जो अडकेल त्यात खराब क्लिप. तशी ती सापडली. बबडी सायकल शिकतेय आणि मी मागून सीट धरून पळतेय. यांनी शूट केलेलं, ताई गेल्यावर दोन वर्षांनी. माझा सगळ्यात लाडका शॉट तो.

एडिटिंगमध्ये चालवून पाहिला. अगदी व्यवस्थित.

मग तेवढाच एक्सपोर्ट केला. या वेळी झाला. फाईल उघडली.

चित्र तेच. रस्ता, सायकल, बबडी.

सीट धरणारं कुणी नव्हतं.

सायकल आपली सरळ चालली होती. बबडी मागे वळून कुणाकडे तरी बघून हसत होती. मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. मी नव्हतेच त्यात...

आणि मग आवाज आला.

मी त्या दिवशी घसा फाडून ओरडत होते, "अगं ब्रेक, ब्रेक दाब!" चांगलं आठवतंय मला. पण स्पीकरमधून हळू, शांत आवाज आला.

"घाबरू नकोस बबडे. मी धरलंय."

ताईचा आवाज.

हातातला माऊस सुटला माझ्या. ड्रिल थांबलं होतं. बाहेर शेजारणीचीही चाहूल नव्हती.

तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. नाही. मला राग आला. अंगाची लाही लाही झाली. मेल्यावरसुद्धा हिला माझा एक शॉट बघवत नाही?

मी ती क्लिपच उडवली. तिच्या जागी शाळेच्या बक्षीस समारंभातली टाकली, त्यातही मी होते. पुन्हा लावलं.

चौसष्ट.

ती काढून दवाखान्यातली टाकली. बबडीच्या हाताला प्लॅस्टर आणि मी तिला भरवतेय.

चौसष्ट.

"ताई, पुरे!" मी दात ओठ खात म्हणाले. "सात वर्षं तुझी होती. दहा माझी आहेत. हिशोब कर आणि जा."

आकडा हलला.

त्रेसष्ट.

एक्सपोर्टचा आकडा मागे जात नाही. बारा वर्षांत कधी गेलेला पाहिला नाही.

बासष्ट... एकसष्ट... साठ...

माझ्या खुर्चीची पाठ कुणीतरी धरल्यासारखी घट्ट झाली. मला वळायचं होतं. मान वळेना.

मग मी रडले. खरंच सांगते, भीतीने नाही. "तिला एकदा तरी मला आई म्हणू दे गं," म्हणाले. "तुझं काय जातंय?"

आकडा थांबला.

बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्ची सैल पडली आणि तो भराभर पुढे धावत सुटला. सत्तर, ऐंशी, शंभर. टिंग.

तेवढ्यात दार वाजलं. बबडी आली होती. "माऊ, झाला का व्हिडिओ?" म्हणत तिने पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि थेट टीव्हीला लावला. मी पाहिलाही नव्हता. अडवायला उठले तोवर तिने रिमोट दाबला होता.

हे चहाचा कप घेऊन बसले. व्हिडिओ सुरू झाला.

संगीत नव्हतं. सगळीकडे ताईचा आवाज होता. पाळण्यात, अंगणात, शाळेच्या दारात. ती गेल्यानंतरच्या वर्षांतही. वाढदिवसालाही, प्लॅस्टरमध्येही. "इकडे बघ गं माझी बाय..." आणि बबडी प्रत्येक वेळी बघत होती.

मी एकाही शॉटमध्ये नव्हते. दहा वर्षांत एकदाही नाही. दवाखान्यात तर चमचा नुसता हवेत वर येत होता, आणि बबडी घास घेत होती... पण त्या दोघांना तो चमचा दिसला की नाही, देव जाणे. दोघेही ढसाढसा रडत होते.

संपल्यावर यांनी टीव्ही बंद केला. बबडी माझ्याजवळ आली. नाक लाल, डोळे सुजलेले.

"माऊ, आईचा एवढा आवाज कुठून शोधलास गं? आणि तू कुठेच नाहीस. सगळं तिलाच दिलंस?"

मी ताईला एक सेकंदही दिला नव्हता.

"माझं चुकलंच," ती म्हणाली. "तुला कधीचं म्हणायचं होतं. आता म्हणू? आई म्हणू तुला?"

मी नुसती मान डोलावली.

"आई," ती म्हणाली.

मी ओ देणार, एवढ्यात...

"ओ."

माझ्या उजव्या कानाजवळून. टीव्ही बंद होता. माझे ओठ मिटलेले होते.

बबडीने मला घट्ट मिठी मारली. तिला वाटलं, मीच. पण यांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला, चेहरा पांढराफटक पडला. ते त्यावर अजून एक शब्द बोललेले नाहीत.

नंतर मी प्रोजेक्ट उघडून पाहिला. सगळ्या क्लिपा जागच्या जागी. सगळ्यांत मी आहे. संगीतही आहे.

बबडी आता लांब असते. रोज संध्याकाळी फोन करते आणि उचलल्या उचलल्या "आई" म्हणते. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द रोज कानावर पडतो.

पण त्या दिवसापासून मी एकदाही ओ दिलेली नाही.

माझ्या आधीच दिली जाते.