ज्योत्स्नाची जखम

"माझ्या पोरीला कुनी मारलं, येवढं सांगा ताई," नंदाबाई म्हणाल्या आणि खुर्ची असूनही भिंतीला टेकून खाली बसल्या.

त्यांची ज्योत्स्ना, एकोणीस वर्षांची. नवलाख उंबरे गावी घरच्याच पोल्ट्रीत जाळीची तार तिच्या हातात घुसली. डॉ. प्रेरणांनी गोळ्या लिहून दिल्या, मेडिकलवाल्या विक्कीनं त्या दिल्या, पोरीनं नेमानं घेतल्या. तरी जखमेचं विष अंगभर पसरलं आणि ती गेली. गोळ्या बनावट होत्या असं म्हणत तिच्या बापानं, बाजीरावांनी, माणसं नेऊन विक्कीचं दुकान फोडलं आणि त्याचा हात मोडला.

"मग गुन्हेगार सापडलाच की," अतुल म्हणाला. खासगी गुप्तहेर माधवी शेलारचा हा मदतनीस मनानं सरळ. डोक्यात प्रकाश पडायला मात्र मालगाडीइतका वेळ लागे.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," माधवी म्हणाली. लोणावळ्यात तिच्या हुशारीइतकीच तिची जीभही प्रसिद्ध होती.

विक्की प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून बसला होता. "मॅडम, त्याच पेटीतल्या गोळ्या गावातल्या रतनमावशींनी घेतल्या. त्यांचं गळू आठवड्यात बसलं."

रतनमावशींनी ते खरं असल्याचं सांगितलं.

"जखमेतले जंतू आम्ही प्रयोगशाळेत वाढवून पाहिले," डॉ. प्रेरणा म्हणाल्या. "हे औषध टाकलं तरी ते वाढतच राहिले. आणि ज्योत्स्नानं असलं औषध आधी कधी घेतलंच नव्हतं."

"म्हणजे हे जंतू तिला तयारच मिळाले," माधवी म्हणाली.

पोल्ट्रीवर बाजीराव तोऱ्यात होते. "मावळात कुटंबी जावा, पक्षी मरत्यात. माझ्याकडं एक आजारी दावा."

नंदाबाई पाण्याच्या टाकीत पिवळी पावडर टाकत होत्या. "ताकदीची हाय. ह्यांनी आनली. रोज थोडी थोडी टाकते." माधवीनं त्यातली चिमूटभर रुमालात बांधून घेतली.

फाटकाशी कुबडीवर उभा गोरख, तिथला जुना गडी. "मलाबी ह्याच जाळीनं कापलं. लय गोळ्या खाल्ल्या, उपेग न्हाई झाला. शेवटी पाय काढला. डाक्टरीणबाईंनी मालकांना बाजूला घिऊन कायतरी सांगितलं. मंग माझ्या जागी ज्योत्स्नाताई यायला लागली."

आठवड्यानं माधवी बाजीरावांच्या ओसरीवर बसली.

"विक्कीच्या गोळ्या खऱ्या होत्या. रतनमावशी त्यांनीच बऱ्या झाल्या. वेगळे होते ते ज्योत्स्नाच्या जखमेतले जंतू."

"त्यांना औषधाची सवय लागली असणार," अतुल म्हणाला.

"सवय नाही रे. एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार. होता होता एखाद्यात असा बदल होतो की औषध त्याला लागू पडत नाही. औषधानं बाकीचे मरतात, हा उरतो, आणि मोकळ्या रानात त्याचंच पीक येतं. वर हे कसब तो शेजारच्या जंतूंनाही देतो. गोरख आणि ज्योत्स्ना, दोघांच्या जखमा ह्याच शेडातल्या. म्हणजे पीक इथेच निघत होतं. मग इथे रोज औषध कुठून पडत होतं? ती पावडर मी पुण्यात तपासून घेतली. विक्कीच्या गोळ्यांतलंच औषध आहे."

नंदाबाईंनी झटकन हात पदराला पुसले.

"आणि बाजीराव, गोरखच्या वेळीच डॉ. प्रेरणांनी तुम्हाला कोंबड्यांना औषध देणं बंद करायला सांगितलं होतं. त्यांच्याकडून मी खात्री करून घेतली. बंद केलं म्हणून तुम्ही त्यांना सांगितलंत, पण पावडर थांबवली नाहीत, उलट गड्याच्या जागी पोरगी उभी केलीत. घरात कुणी विचारू नये म्हणून विक्कीचा हात मोडलात."

बाजीरावांनी मान खाली घातली. "पावडर बंद केली आसती तर पक्षी मेलं आसतं."

नंदाबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. "म्हंजी रोज सकाळी मीच..."

खोटं बोलावंसं माधवीला फार वाटलं. अतुल तर त्यासाठी तिच्याकडे आशेनं बघत होता.

"हो," ती म्हणाली.

नंदाबाई रडल्या नाहीत. पदर सारखा करून त्या उठल्या. "चला चौकीत. आदी ह्यांचं नाव सांगते, मंग माझं."

"आगं, उद्या पक्षी न्यायला गाडी यायची हाय," बाजीराव म्हणाले.

नंदाबाई तोवर अनवाणीच रस्त्याला लागल्या होत्या.