आणखी एक कीबोर्ड

कॉम्प्युटर जोडणं म्हणजे काही मोठी विद्या नव्हे, असं खटपटबाई गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. बोर्डावर प्रोसेसर बसवायचा, त्याच्यावर उष्णता ओढणारी वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा, शेजारी रॅम, मग वायरींचं जंजाळ. बटण दाबलं, पंखा फिरला, बारीकसं 'बीप' ऐकू आलं की सुटलो. रस्त्याकडच्या खोलीत तिचं दुकान होतं आणि मागे घर. दिवसभर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणाऱ्या बाईला गल्लीनं खटपटबाई म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आता तिचं खरं नाव घेणारं माणूस घरात एकच होतं, आणि त्याची वाचा गेली होती.

ते तिचे वडील. टायपिंगचे मास्तर. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांमधली बोटं त्यांनी सरळ केलेली. लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका धरायचे, आणि सगळ्या वर्गाची बोटं त्या ठेक्यावर पडायची. बायकोही त्यांना वर्गातच भेटली. तिची उजवी करंगळी लहानपणी दारात चेमटून कायमची ताठ झाली होती, त्यामुळे करंगळीचं अक्षर नेहमी मागे राहायचं. टक टक टक... टक. मास्तर पट्टी आपटून ओरडायचे, "करंगळी!" लग्न झालं तरी ओरडायचे. ती म्हणायची, "अहो, मागणी घातलीत तेव्हा चालली ना ही करंगळी?" खटपटबाईचं सगळं बालपण या भांडणात गेलं. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांना झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, जीभ सावरली नाही. श्वासाला मात्र एक बारीक शिट्टी लागली, ती घरभर ऐकू यायची. डॉक्टर म्हणाले, गळा ठीक आहे, वाचा येईल, नाही असं नाही. त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवा.

"मोठा स्क्रीन, ठळक अक्षरं आणि चांगला कीबोर्ड," ती नवऱ्याला म्हणाली. "बोलता येत नाही तर टाइप करतील. मला त्यांचा एक शब्द पाहिजे रे. 'गाढवे' म्हणाले तरी चालेल."

नवरा बस चालवायचा. जगातल्या कुठल्याही गोष्टीनं त्याला घाई व्हायची नाही. "बोलतील गं," तो म्हणाला. "तू आधी दोन घास खा."

तिनं सगळे भाग कोरे आणले. एरवी जुनी रॅम, जुना पंखा चालवून घेणारी बाई, पण वडिलांसाठी नाही. एकेका भागावरचं प्लास्टिक तिनं स्वतः सोललं. मास्तरांच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडलं आणि ते मागे आरामखुर्चीत बसलेले असताना, त्यांची शिट्टी ऐकत, यंत्र जोडलं. पहिल्याच दमात बीप आलं. "बघा बाबा, जमलं की नाही?" मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

मग सिस्टिम टाकायची. पेन ड्राइव्ह लावला. भाषा कुठली, डिस्क कुठली, घड्याळ कुठलं, असे पडदे एकामागून एक येतात, आणि या धंद्यातलं कुणीही ते वाचत नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते. हात आपोआप चालतो. पुढे, पुढे, होय, पुढे. तिचाही चालला. एक पडदा निघून गेल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला की त्यावर काय लिहिलं होतं.

'आणखी एक कीबोर्ड सापडला आहे. वापरायचा का?'

तिनं 'होय' दाबलं होतं.

कीबोर्ड तर एकच होता. तिनं मागे वाकून पाहिलं, वायरी मोजक्याच. असो. जास्तीच्या बटणांचे माउस कधीकधी स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतात. तिनं माउसला एक शेलकी शिवी घातली आणि विषय सोडून दिला.

मास्तरांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. दिवसामागून दिवस हात शालीखाली, नजर बाहेर. खटपटबाई हिरमुसली. मग एका दुपारी ती पुढे दुकानात एक प्रिंटर उघडून बसली असताना सहज आत डोकावली, आणि स्क्रीनवर अक्षरं होती. सरावाची पहिली ओळ. वर्गात पहिल्या दिवशी शिकवायचे तीच.

"बाबा!" ती धावली. "अहो, तुम्ही—"

मास्तरांचे हात शालीखाली होते. स्क्रीनवर ओळ पुढे चालली होती. तीन अक्षरं भराभर. मग थांबणं. मग चौथं.

कीबोर्डची बटणं जागची हलत नव्हती. तिनं त्याची वायर उपटली. माउसची उपटली. तीन अक्षरं. थांबणं. चौथं.

शालीतून एक हात बाहेर आला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेका धरू लागला.

"करंगळी," मास्तर म्हणाले.

खटपटबाई मटकन खाली बसली. रडली, हसली, त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली. "बाबा, पुन्हा म्हणा. माझं नाव घ्या ना." मास्तरांनी तिच्या डोक्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. "सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही."

संध्याकाळी नवऱ्यानं दारात उभं राहून सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. "व्हायरस असेल," तो म्हणाला.

"इंटरनेट लावलंय कुठे? आणि व्हायरसची करंगळी ताठ असते होय रे?"

त्यानं चपला दाराबाहेरच काढल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

मास्तर आता दिवसभर बोलायचे. मनगट वर. पाठ सरळ. हं, आता बरोबर. मधूनच हसायचे. लेकीशी अवाक्षर नाही. ती भरवायला गेली की तोंड मिटायचे, ओळ पुरी होईपर्यंत थांब असा हात करायचे, आणि ओळ कधी पुरी व्हायची नाही. ते वाळत चालले. खटपटबाईला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आईचा राग आला. मेलेल्या आईचा. एक शब्द मागितला होता मी, तोही तूच नेलास?

तिनं यंत्रातल्या यादीतून तो दुसरा कीबोर्ड काढून टाकला. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर तो परत हजर. शेवटी एका सकाळी तिनं डिस्कच पुसली. स्क्रीन काळा झाला.

मास्तरांचा ठेका थांबला. ते काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"लाव ते परत," नवरा म्हणाला. "जे काय असेल ते असो. लाव."

भर सकाळी, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं असताना, तिनं पेन ड्राइव्ह लावला. मागे खुर्चीत मास्तर. श्वासाची शिट्टी चालू.

"लावते बाबा. बोलवते तिला. माझ्याशी नका बोलू, पण बोला."

या खेपेला तिनं एकेक पडदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा, शब्दन् शब्द.

भाषा. पुढे.

डिस्क. पुढे.

घड्याळ. पुढे.

तो पडदा येईना. निळी पट्टी हळूहळू भरत गेली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"येईल," ती पुटपुटली. "येईल, बाबा."

"हो," मागून मास्तर म्हणाले. आणि मग तिचं नाव घेतलं. स्पष्ट. लहानपणी हाक मारायचे तसं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वळणार, तेवढ्यात पडदा उमटला.

'आणखी दोन कीबोर्ड सापडले आहेत. वापरायचे का?'

तिनं ते पुन्हा वाचलं.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. शिट्टी ऐकू येत नव्हती.

खटपटबाईनं मागे वळून पाहिलं नाही. आधी 'होय' दाबलं.