सायलस डॉर्सीचा वस्तरा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ही हकीकत केझाया कॉब या बाईंनी मरणाआधी आपल्या भाचीला सांगितली. आणि त्या उगाच काही बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

साल १८५८. सप्टेंबर महिना. ओहायो नदीकाठचं हार्मन्स फेरी गाव. दुपारचे तीन. लख्ख ऊन.

केझायाबाईंचे यजमान एल्नेथन कॉब अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, निवडणुकीला उभे होते. कातडी कमावणाऱ्याचा पोरगा. वकिली स्वतःच शिकला, गावचा दंडाधिकारी झाला, मग राज्याच्या विधिमंडळात गेला. आता थेट वॉशिंग्टन.

चारला कोर्टापुढच्या मैदानात सभा होती. एल्नेथन हॉटेलच्या खोलीत एकटेच खुर्चीत बसले होते. नऊ वर्षांची दाढी छातीवर रुळत होती.

आणि तेव्हा...

सट्... सट्... सट्...

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज.

 ही लय त्यांच्या ओळखीची होती.

सायलस डॉर्सी. गावचा न्हावी. काळा माणूस, पण गुलाम नव्हे. त्याच्या स्वातंत्र्याच्या दाखल्यावर शिक्का खुद्द एल्नेथननीच मारला होता.

नऊ वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या, गुलामगिरी चालणाऱ्या केंटकीतून दोघेजण आले. हा आमचा पळालेला गुलाम, म्हणाले. दाखला त्यांनी आधीच चुलीत घातला होता. सायलसला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं. तो एवढंच म्हणाला,

"साहेब, रोज सकाळी तुमची दाढी करतो मी. मी कोण आहे, तेवढं सांगा यांना."

निवडणुकीचं तिकीट देणारे पुढारी मागच्या बाकावर बसले होते. त्यांचा सगळा व्यापार केंटकीशी.

एल्नेथननी मान खाली घातली आणि सायलसला त्या दोघांच्या हवाली करण्याच्या हुकमावर सही केली.

नदी ओलांडताना सायलसने बेड्यांसकट होडीतून उडी मारली. प्रेत मिळालं नाही.

तेव्हापासून एल्नेथननी गालाला कुणाचा हात लागू दिला नव्हता.

आता गालावर गरम फेस लागला...

खोलीत कुणीच नव्हतं.

"मान वर करा, साहेब."

त्यांनी मान वर केली. संपलं सगळं, असं वाटलं त्यांना. पण वस्तरा पिसासारखा फिरत होता. कुठे साधा ओरखडाही नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सायलस... मी तुला ओळखत होतो रे."

वस्तरा थांबला.

 मग अगदी कानाशी...

"मला ठाऊक आहे, साहेब. खाली जाऊन लोकांना सांगा."

केझायाबाई आत आल्या, तर नवऱ्याचा अर्धा चेहरा गुळगुळीत आणि अर्ध्यावर दाढी. पाणी नाही, साबण नाही. जमिनीवर एक केससुद्धा नाही.

एल्नेथननी त्यांना सगळं सांगितलं. लोकांपुढेही सांगतो म्हणाले.

"सांगा," केझायाबाई म्हणाल्या. "हरलो तर हरलो."

ते तसेच मंचावर चढले. मैदानात कुजबुज सुरू झाली. गर्दीच्या मागे सायलसची बायको डॉर्कस धुण्याची टोपली घेऊन उभी होती.

"कॉबसाहेब, न्हावी पळाला काय?" कुणीतरी विचारलं.

एल्नेथननी तोंड उघडलं. डॉर्कसकडे पाहिलं. मग पुढाऱ्यांकडे.

"दाढदुखी," ते म्हणाले. "अर्ध्यावरच उठलो."

सगळं मैदान खदखदून हसलं.

डॉर्कसने टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

एल्नेथन निवडून आले. एकदा नाही, चारदा. वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरीविरुद्ध असं बोलले, की लोक डोळे पुसायचे.

घरी मात्र रोज दुपारी तीनला ते खुर्चीत बसायचे. गळा उघडा टाकून, डोळे मिटून. कान देऊन...

तीस वर्षं. एकदाही आवाज आला नाही.

"वस्तरा त्याच्या हातात होता, नरडं उघडं होतं. मग तो तसाच का गेला?" केझायाबाई भाचीला विचारायच्या.  

शेवटच्या दिवशी बाईंनी भाचीला जवळ बोलावलं. हे कुणालाच सांगितलं नाही, म्हणाल्या.

"त्या दिवशी सगळे हसले ना... तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला गं. मीही हसले."